'तू' की 'तुम्ही'? फ्रेंच बोलताना ही निवड इतकी अवघड का असते?

१८ जून २०१८. पॅरिसजवळच्या माँ-व्हालेरियाँ इथल्या स्मारकावर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन जमलेल्या लोकांशी हस्तांदोलन करत होते. जनरल द गॉल यांनी १९४० साली लंडनहून रेडिओवरून फ्रेंच जनतेला प्रतिकाराची हाक दिली होती, त्या घटनेचा तो स्मृतिदिन होता. गर्दीतल्या एका शाळकरी मुलाने राष्ट्राध्यक्षांना विचारलं, "साव्हा, मानू?" म्हणजे साधारण "काय मनू, बरंय ना?"

मॅक्रॉन थांबले. हा सरकारी कार्यक्रम आहे, इथे नीट वागायचं आणि मला 'राष्ट्राध्यक्ष महोदय' किंवा निदान 'महोदय' म्हणायचं, असं त्यांनी त्या मुलाला सुनावलं. हा व्हिडिओ जगभर फिरला. कुणी राष्ट्राध्यक्षांना शाबासकी दिली, तर कुणी म्हटलं, एवढ्याशा पोराला किती बोलायचं!

या प्रसंगातली एक गोष्ट मात्र फ्रान्सबाहेरच्या अनेकांच्या लक्षात आली नाही. आदराने बोल असं सांगताना मॅक्रॉन स्वतः त्या मुलाशी 'तू' म्हणूनच बोलत होते. म्हणजे आपल्याकडे एखादे गुरुजी म्हणतील, "तू मला सर म्हणायचं", तसं.

फ्रेंचमध्ये समोरच्याला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', यावरून नोकरीच्या मुलाखतीचा सूर ठरतो, नवी ओळख पुढे सरकते किंवा तिथेच अडते. पोलिसांच्या तोंडी आलेला 'तू' तर राजकीय वादाचा विषय होतो. फ्रेंच शिकणाऱ्या, तिथे शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मराठी माणसाला वाटतं, हे तर आपल्याकडेही आहे! आणि नेमकी तिथेच गफलत होते. ती कशी, हे समजून घेऊया.

'त्यु' आणि 'वू' म्हणजे काय?

फ्रेंचमध्ये समोरच्या एका व्यक्तीसाठी दोन सर्वनामं आहेत. 'त्यु' म्हणजे तू आणि 'वू' म्हणजे तुम्ही. समोर एकापेक्षा जास्त माणसं असतील तर 'वू'च वापरायचं, मग ती कितीही जवळची असोत. हेही मराठीसारखंच.

मराठीत 'अरेतुरे करणं' आणि 'अहोजाहो करणं' असे वाक्प्रचार आहेत. फ्रेंचमध्ये त्यासाठी चक्क क्रियापदं आहेत. 'त्युत्वाये' म्हणजे अरेतुरे करणं आणि 'वूव्वाये' म्हणजे अहोजाहो करणं.

सर्वनाम बदललं की क्रियापदाचं रूपही बदलतं. 'कृपया' म्हणतानाही फरक पडतो. मित्राला 'सिल त प्ले', तर अनोळखी माणसाला 'सिल वू प्ले'. लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेवर खाली 'आर.एस.व्ही.पी.' छापलेलं असतं ना? ते फ्रेंच वाक्याचं लघुरूप आहे. 'रेपाँदे सिल वू प्ले', म्हणजे 'कृपया उत्तर द्यावे'. आपल्या पत्रिकांवरही हे आदरार्थी 'वू' कित्येक वर्षांपासून छापलं जातं आहे.

आणखी एक गंमत म्हणजे मराठी 'तू' आणि फ्रेंच 'त्यु' यांचं मूळ एकच आहे. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या. संस्कृतमधला 'त्वम्' आणि लॅटिनमधला 'तू' हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज. लॅटिन 'तू'चा फ्रेंचमध्ये 'त्यु' झाला.

एका माणसासाठी अनेकवचन कुठून आलं?

जुन्या लॅटिनमध्ये एका माणसाला 'तू' आणि अनेकांना 'वोस' म्हणत. आदराचा प्रश्नच नव्हता. पुढे रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सम्राटाला उद्देशून अनेकवचन वापरण्याची पद्धत सुरू झाली. मग सम्राटाकडून सरदारांकडे, सरदारांकडून उच्चवर्गाकडे असं हे अनेकवचन हळूहळू झिरपत युरोपच्या अनेक भाषांमध्ये पोहोचलं.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० साली यावर एक गाजलेला निबंध लिहिला. लॅटिनमधल्या 'तू' आणि 'वोस' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून भाषाशास्त्रात या भेदाला 'टी-व्ही भेद' म्हणतात, तो त्यांच्यामुळेच. त्यांची मांडणी साधारण अशी की पूर्वी युरोपात सर्वनाम सत्तेवर ठरायचं. मालक नोकराला 'तू' म्हणायचा, नोकर मालकाला 'तुम्ही'. पुढे ही उतरंड मागे पडली आणि जवळीक महत्त्वाची झाली. जवळचे असाल तर दोघंही एकमेकांना 'तू' म्हणा, लांबचे असाल तर दोघंही 'तुम्ही' म्हणा.

इंग्रजीतही 'दाऊ' आणि 'यू' असा भेद होता. तिथे 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून गेला आणि सगळ्यांसाठी 'यू' उरला. त्यामुळे इंग्रजीच्या आधाराने फ्रेंच शिकणाऱ्याला पुस्तकात 'यू' दिसतं, पण त्यामागे 'त्यु' आहे की 'वू', हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

राज्यक्रांतीने 'तुम्ही' हटवायचा प्रयत्न केला होता?

हो. १७८९ साली राज्यक्रांती झाली आणि समता हा परवलीचा शब्द झाला. सगळे नागरिक समान असतील तर काहींना 'वू' आणि काहींना 'त्यु' कशासाठी, असा सवाल क्रांतिकारकांनी केला. ऑक्टोबर १७९३ मध्ये 'कन्व्हेन्शन' या तेव्हाच्या राष्ट्रीय सभेपुढे एक अर्ज आला. सर्वांनी सर्वांना 'त्यु' म्हणणं सक्तीचं करावं, अशी त्यात मागणी होती.

सभेने तसा कायदा केला नाही. तरीही सरकारी कामकाजात आणि क्रांतिकारकांच्या बैठकांत काही काळ 'त्यु'चं राज्य आलं. 'मस्यू' (महोदय) आणि 'मादाम' (बाईसाहेब) यांच्या जागी 'नागरिक' हे संबोधन आलं. पण ही लाट काही वर्षंच टिकली. दहशतीचं पर्व संपलं तसं 'वू' परतलं आणि 'मस्यू-मादाम'ही परतले.

दुसरी मोठी लाट मे १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर आली. विद्यापीठं, पक्ष-संघटना, कार्यालयं अशा अनेक ठिकाणी 'त्यु' सैल झाला. कॅथलिक चर्चनेही १९६६ साली प्रभूच्या प्रार्थनेचा फ्रेंच मजकूर बदलला. त्याआधी त्या प्रार्थनेत देवाला 'वू' म्हटलं जायचं, नंतर 'त्यु' आलं. विठ्ठलालाही 'तू' आणि आईलाही 'तू' म्हणणाऱ्या मराठी माणसाला या बदलाचं नवल वाटणार नाही.

मराठीतला 'तुम्ही' आणि फ्रेंचमधला 'वू' सारखेच आहेत का?

व्याकरणात बऱ्यापैकी सारखे, व्यवहारात नाही. मराठीत सर्वनाम ठरवताना सहसा वर-खाली पाहिलं जातं. वय, नातं, हुद्दा, शिक्षण, पैसा आणि उघड बोललं जात नसलं तरी कित्येकदा जातसुद्धा. त्यामुळे मराठीत एकतर्फी नाती खूप आहेत. साहेब शिपायाला 'तू' म्हणतात, शिपाई साहेबांना 'तुम्ही'. कित्येक घरांत नवरा बायकोला 'अगं' म्हणतो आणि बायको नवऱ्याला 'अहो'. घरकामाला येणाऱ्या पन्नाशीच्या बाईंना घरातला कॉलेजात जाणारा मुलगाही 'तू' म्हणून मोकळा होतो.

आजच्या फ्रेंचमध्ये सर्वनाम ठरवताना जवळ-लांब पाहिलं जातं. दोन प्रौढ माणसं एकमेकांना ओळखत नसतील तर दोघंही 'वू' म्हणतात. त्यात एक कंपनीचा मालक आणि दुसरा सफाई कामगार असला तरीही. एकाने 'त्यु' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'वू', हे दोन प्रौढांमध्ये खटकतं. लहान मुलं याला अपवाद. मोठी माणसं मुलांना 'त्यु' म्हणतात आणि अनोळखी मोठ्यांना मुलांनी 'वू' म्हणावं अशी अपेक्षा असते. म्हणूनच मॅक्रॉन यांच्या तोंडचा 'त्यु' फारसा कुणाला टोचला नाही.

यातून मराठी माणसाच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात.

पहिली चूक 'खालच्या' दिशेची. हॉटेलातला वेटर, दुकानातली विक्रेती, टॅक्सीचालक, इमारतीची साफसफाई करणाऱ्या बाई यांना मराठी सवयीने 'त्यु' म्हटलं जातं. फ्रान्समध्ये हा सरळ अपमान ठरतो. तिथे वेटरला 'बाँजूर, मस्यू' म्हणून 'वू'नेच सुरुवात करायची.

दुसरी चूक 'वरच्या' दिशेची. प्रयोगशाळेच्या प्रमुख किंवा कार्यालयातल्या मॅनेजर पहिल्याच आठवड्यात सांगतात, आपण 'त्यु' म्हणूया. पण मराठी जीभ काही वळत नाही. वयाने वीस वर्षांनी मोठ्या बाईंना 'तू' कसं म्हणायचं? मग हा माणूस आदरापोटी 'वू'च म्हणत राहतो. समोरच्याला मात्र वाटतं, हा आपल्यात मिसळायला तयार नाही. मराठीत जो आदर असतो, तो तिथे अंतर म्हणून पोहोचू शकतो.

तिसरा फरक नात्यांच्या शब्दांचा. मराठीत अनोळखी माणसालाही काका, मावशी, दादा, ताई म्हणता येतं. 'मावशी, जरा सरकतेस का?' यात 'तू' असूनही माया असते. फ्रेंचमध्ये अनोळखी बाईंना मावशी म्हणायची सोय नाही. तिथे 'मादाम' आणि 'वू' एवढंच.

एका बाबतीत मात्र फ्रेंच सोपी आहे. मराठीत गैरहजर माणसाबद्दल बोलतानाही 'तो आला' की 'ते आले' हे ठरवावं लागतं. फ्रेंचमध्ये राष्ट्राध्यक्षांबद्दलही 'तो' आणि धाकट्या भावाबद्दलही 'तो'. मराठीतल्या 'आपण'सारखा 'तुम्ही'च्याही वरचा रोजच्या वापरातला शब्दही फ्रेंचमध्ये नाही.

मग कुणाला काय म्हणायचं?

ढोबळ नियम असे सांगता येतील.

घरात: आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, मुलं यांच्यात सर्वसाधारणपणे 'त्यु'. सासू-सासऱ्यांच्या बाबतीत घराघरात वेगळी रीत असते. काही जुन्या खानदानी घरांमध्ये आजही आई-वडिलांना, अगदी जोडीदारालाही 'वू' म्हणतात. माजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक आणि त्यांच्या पत्नी बर्नादेत एकमेकांना 'वू' म्हणत. लेखिका सिमोन द बोव्हुआर आणि तत्त्वज्ञ जाँ-पॉल सार्त्र यांचं आयुष्यभराचं नातं होतं, पण तेही एकमेकांना 'वू'च म्हणायचे. म्हणजे 'वू'त प्रेम नसतं असंही नाही.

शिक्षणात: विद्यार्थी एकमेकांना पहिल्या भेटीपासून 'त्यु' म्हणतात. वर्गात कुणी दहा वर्षांनी मोठा असला तरी. प्राध्यापकांना मात्र 'वू', आणि विद्यापीठात प्राध्यापकही विद्यार्थ्यांना सहसा 'वू' म्हणतात.

नोकरीत: अर्ज, ईमेल आणि मुलाखत 'वू'मध्येच. रुजू झाल्यावर कंपनीचं वळण बघायचं. स्टार्टअप, जाहिरात, तंत्रज्ञान या क्षेत्रांत 'त्यु' लवकर येतो. बँका, कायदा, सरकारी कार्यालयं इथे 'वू' जास्त टिकतो. नावाने हाक मारून 'वू' म्हणणं हा मधला मार्गही बऱ्याच ठिकाणी चालतो. आपल्याकडे 'स्नेहा, तुम्ही बघता का जरा?' म्हणतात तसं.

सार्वजनिक ठिकाणी: दुकान, दवाखाना, बस, बँक, सरकारी खिडकी. अनोळखी प्रौढ दिसला की 'वू'.

'वू'वरून 'त्यु'वर कसं यायचं? त्यासाठी एक ठरलेला प्रश्न आहे, 'ऑन स त्युत्वा?' म्हणजे 'आपण अरेतुरे करूया का?' हा प्रश्न सहसा वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या व्यक्तीने विचारायचा असतो. धाकट्याने वाट बघावी. माजी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितेराँ यांच्याबद्दल यावरून एक किस्सा सांगितला जातो. पक्षातल्या एका सहकाऱ्याने त्यांना विचारलं, आपण एकमेकांना 'तू' म्हणूया का? मितेराँ शांतपणे म्हणाले, "तुम्हाला हवं तर." अर्थात उत्तरात 'वू' होतं आणि सहकारी काय ते समजला.

एकदा 'त्यु' सुरू झालं की मागे फिरणं कठीण. भांडणानंतर कुणी अचानक 'वू' म्हणू लागलं तर ते दार लावून घेण्यासारखं असतं. मराठीत जवळची मैत्रीण एकाएकी 'अहो, तुम्ही काय बाबा मोठ्या' म्हणाली तर जे कळतं, तेच.

एका 'त्यु'मुळे अपमान कसा होतो?

मराठीत भांडण 'एकेरीवर येतं', तसं फ्रान्समध्येही गाडीला गाडी घासली की 'वू' गळून पडतो. पण तिथल्या एकेरीला याहून गंभीर इतिहास आहे.

फ्रेंच आणि बेल्जियन वसाहतींमध्ये गोरे लोक स्थानिक माणसाला सर्रास 'त्यु' म्हणत, तो कितीही वयस्क किंवा शिकलेला असला तरी. उलट दिशेने मात्र 'वू'ची अपेक्षा असे. ३० जून १९६० रोजी बेल्जियन काँगो स्वतंत्र झाला. लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजच्या किन्शासामध्ये, बेल्जियमच्या राजासमोर काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी भाषण केलं. वसाहतीच्या काळात सोसलेल्या हालांची आणि अपमानांची यादी त्यांनी मांडली. त्यात मारहाण होती, जमिनी बळकावणं होतं आणि 'त्यु'सुद्धा होता. काळ्या माणसाला 'तू' म्हटलं जायचं ते मित्र म्हणून नव्हे, तर मानाचं 'तुम्ही' फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवलेलं होतं म्हणून, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज नाही. गावगाड्यात दलित समाजातल्या म्हाताऱ्या माणसालाही सवर्णांचं पोर एकेरीत हाक मारायचं, हा आपलाच इतिहास आहे.

आजच्या फ्रान्समध्ये हा वाद पोलिसांच्या संदर्भात पेटतो. रस्त्यात अडवून ओळखपत्र तपासताना पोलीस आपल्याला 'त्यु' म्हणतात, अशी अरब आणि आफ्रिकी वंशाच्या तरुणांची जुनी तक्रार आहे. नागरिकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'देफाँसर दे द्र्वा' या फ्रेंच घटनात्मक संस्थेने २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. अरब किंवा काळे समजले जाणारे तरुण पुरुष पोलिसांकडून अडवले जाण्याची शक्यता इतरांच्या २० पट असल्याचं त्यात दिसलं. एकेरीत बोललं गेल्याचा अनुभवही या तरुणांनी जास्त प्रमाणात सांगितला.

खरं तर नियम स्पष्ट आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू असलेल्या पोलीस आचारसंहितेनुसार पोलिसांनी जनतेशी सौजन्याने वागायचं आणि 'वू' म्हणायचं. म्हणजे सर्वनामाचा उल्लेख थेट नियमावलीत आहे. नियम कागदावर असणं आणि रस्त्यावर पाळला जाणं यातलं अंतर हाच तिथल्या वादाचा मुद्दा आहे.

सगळीकडे फ्रेंच सारखीच का?

'फ्रँकोफोनी' या फ्रेंच भाषक देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगात सुमारे ३२ कोटी लोक फ्रेंच बोलतात. त्यांची रीत एकच असणं शक्य नाही. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात 'त्यु' खूप मोकळेपणाने वापरला जातो. पॅरिसची सवय असलेल्याला तिथल्या दुकानदाराचा 'त्यु' ऐकून दचकायला होतं.

पण तिथेही उलटा प्रवाह सुरू आहे. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना आणि शाळेतल्या कर्मचाऱ्यांना 'वू' म्हणणं सक्तीचं करणार, असं क्युबेक सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं. शाळांमधलं सौजन्य वाढावं हा हेतू सांगितला गेला. सर्वनाम सक्तीचं केल्याने आदर वाढतो का, असा प्रश्न लगेच विचारला गेला. १७९३ मध्ये सगळ्यांना 'त्यु' लावण्याची मागणी झाली होती, इथे शिक्षकांसाठी 'वू'चा आग्रह आहे.

काय म्हणावं सुचलंच नाही तर?

मराठी माणसाकडे यावर एक जुनी युक्ती आहे. समोरच्याला 'तू' म्हणावं की 'तुम्ही' हे कळत नसेल, तर आपण विचारतो, "जेवण झालं का?", "येणं कुठून झालं?" सर्वनाम नाही आणि क्रियापदाचं रूपही निसटतं. फ्रेंच लोकही हेच करतात. 'साव्हा?' म्हणजे 'बरं चाललंय?' यात 'त्यु' किंवा 'वू' यांपैकी काहीच लागत नाही. त्या शाळकरी मुलाच्या प्रश्नातही 'त्यु' नव्हताच. मॅक्रॉन यांना खटकली ती लाडक्या नावाने मारलेली हाक.

ही युक्ती एक-दोन वाक्यं तारून नेते, पुढे निवड करावीच लागते. तेव्हा सुरुवात 'वू'ने करावी आणि समोरचा काय म्हणतो ते ऐकावं. त्याने 'त्यु' म्हणण्याचा प्रस्ताव दिला तर संकोच न करता स्वीकारावा. परदेशी माणसाची चूक फ्रेंच लोक बहुतेक वेळा समजून घेतात. मात्र प्राध्यापकांना 'वू' आणि कॅन्टीनमधल्या बाईंना 'त्यु', अशी निवड हुद्दा बघून होत असेल, तर ती व्याकरणाची चूक समजली जात नाही. तिच्यावरून माणसाची पारख होते.